निळाच राहिलेला चुंबक

मला बोलायचा कंटाळा. म्हणून प्रयोगशाळेची प्रमुख झाल्यावर मी पहिलं काम केलं ते बोलणं बंद करण्याचं. भिंतीवर फळा लावला, प्रत्येकासाठी एक रकाना आखला आणि एका बाजूने निळे, दुसऱ्या बाजूने लाल असे गोल चुंबक आणले. काम सोपवायचं तर चिठ्ठी निळ्या चुंबकाखाली अडकवून दुसऱ्याच्या रकान्यात लावायची. त्याने चुंबक उलटून लाल केला, की काम स्वीकारलं. तोवर जबाबदारी देणाऱ्याचीच. इतका निर्दोष नियम सुचल्याबद्दल मी कितीतरी दिवस स्वतःवर खूश होते.

प्रयोगशाळेतल्या आमच्या ताई बुरशीवाल्या. एक नखरेल बुरशी त्यांनी वर्षानुवर्षं जगवली होती; त्यांचं सगळं संशोधन तिच्यावरच. ठरल्या वेळी तिला ताज्या खाद्याच्या प्लेटवर हलवलं नाही, तर ती वाळून मरायची.

बहिणीच्या ऑपरेशनसाठी ताई घाईघाईने गेल्या. माझ्या रकान्यात चिठ्ठी दिसली: 'बुरशी हलवणे.' मला अहवाल संपवायचा होता, म्हणून मी चुंबक उलटला नाही. नियमाप्रमाणे बुरशी अजून ताईंचीच होती. बुरशीला नियम माहीत नव्हता.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून ताईंचा फोन आला.

"बहीण ठीक आहे. माझं कार्टं कसं आहे गं? हलवलंस ना?"

"ताई, चुंबक निळाच आहे."

"चुलीत गेला तुझा चुंबक! मी चिठ्ठी लावली, मला वाटलं झालं काम. 'जमणार नाही' एवढं म्हणायला तोंड नव्हतं?"

"तुम्हीही विचारलं नाहीत."

"बोलायची बंदी कुणी घातली, बाईसाहेब?"

मी फोन कानाला लावूनच बुरशीकडे धावले. प्लेटांमधलं खाद्य आक्रसून टाचेसारखं भेगाळलं होतं. एकाच प्लेटच्या कडेला कापसासारखं पांढरं काही शिल्लक होतं.

"काय करतेयस? गप्प राहू नकोस, माझा जीव टांगणीला लागलाय."

"सुई तापवली. निववतेय. कडेचा तुकडा उचलला. नव्या प्लेटवर ठेवला." एका दमात इतकी क्रियापदं मी लग्नातही बोलले नव्हते.

"आता?"

"आता मी रोज बघेन. मी बघेन, ताई."

"हे आधी म्हणाली असतीस, तर माझं रक्त आटलं नसतं."

तुकड्याभोवती पहिला पांढरा तंतू दिसला, तेव्हा मी ताईंना स्वतः फोन केला. त्या आधी रडल्या, मग त्यांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या.

फळा अजून आहे. फक्त आता चिठ्ठी लावणारा समोर येऊन विचारतो, "घेतलंस?" दुसरा म्हणतो, "घेतलं," किंवा "नाही जमणार." चुंबक त्यानंतर उलटतो. ही सुधारित पद्धत मी घरी तपशीलवार समजावून सांगितली.

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अभिनंदन," तो म्हणाला. "म्हणजे तू बोलण्याचा शोध लावलास."