गिरिजाबाईंचा गोळ्यांचा डबा

मस्तगडातल्या आमच्या लॅबचा जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर मागे फिरावं लागतं. त्या दिवशी गुडघे धरत वर पोचले, तर दारात गिरिजाबाई बसलेल्या. टेंभुर्णीच्या. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत सुनेच्या लघवीची, मी पुन्हा मागवलेली, दुसरी बाटली.

"पैल्या बाटलीचं काय निघालं, ताई?"

"काहीच उगवलं नाही, मावशी."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे बरं हाये म्हना की!"

बरं कसलं डोंबलाचं! त्याच लघवीचा थेंब मी मायक्रोस्कोपखाली पाहिला होता, नुसता पू. त्यांची सून प्रीती सातव्या महिन्यात, हुडहुडी भरून ताप, जवळच्याच दवाखान्यात भरती. पहिलं बाळ असंच तापात पोटातच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी अंदाजाने इंजेक्शन सुरू केलं होतं, ताप हटत नव्हता. कोणतं औषध लागू पडेल हे मी सांगायचं होतं. आता जंतूच उगवत नसेल तर मी काय सांगणार, कपाळ?

दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं आणि नाकात डेटॉलचा वास शिरला.

"मावशी, बाटलीत काय घातलंत?"

"काही न्हाई बाई. धुतली फक्त. ऊन पानी, त्याच्यात डेटॉल टाकून. पैलीबी तशीच धुतल्ती."

"अहो, कोरी बाटली दिली होती ना मी! सीलबंद!"

"कोरी असली तरी दुकानाची धूळ असतीच की. शेजारनीचं भांडंबी आपन धुवून देतो. तुमच्या हातात तसंच कसं द्यायचं?"

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, चांगलीच ओरडले. तळाशी राहिलेल्या डेटॉलने जंतू बाटलीतच मेले होते आणि प्रीतीच्या पोटात खुशाल वाढत होते. पण म्हातारी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू पाहुण्याला पाणी दिलं आणि पाहुण्याने ते तोंडावर फेकलं. मग मलाच थकायला झालं. नवी बाटली घेतली, जिना उतरले, दवाखान्यात गेले आणि प्रीतीजवळ उभी राहून नमुना घेतला. पोरीचा हात भाजत होता.

"बाळ बरं हाये ना, ताई?" तिने मलाच विचारलं.

"डॉक्टर बघतायत," एवढंच म्हणाले. मी लघवीवाली बाई, मला काय कळणार?

या कामात घाई चालत नाही. जंतू उगवायला एक रात्र लागते. मग ते काचेच्या ताटलीतल्या पिवळट जेलवर सारखे पसरायचे, वर टिकलीएवढे औषधाचे कागद ठेवायचे, आणि आणखी एक रात्र थांबायचं. जे औषध जंतूंना मारतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ रिकामं कडं पडतं. ज्याला ते जुमानत नाहीत, त्याच्या टिकलीला चिकटून वाढतात. डॉक्टरीणबाईंचे फोनवर फोन येत होते, पण जंतू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

दोन रात्रींनी ताटली बाहेर काढली तेव्हा गिरिजाबाई लॅबच्या बाकावर येऊन बसलेल्याच होत्या. साय धरावी तसे जंतू सगळीकडे पसरलेले. पहिल्या टिकलीला कडं नाही. दुसरीला नाही. तिसरीला नाही. कडं मोजायची पट्टी हातात घेऊन मी काय मोजणार होते? एकाच टिकलीभोवती गोल, मोकळं कडं होतं. बाकी सगळी औषधं हरली की द्यायचं इंजेक्शन ते. डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "निदान एक तरी आहे."

"सुनेला याआधी कोणत्या गोळ्या दिल्यात, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. खडखड वाजला. आत गोळ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या. "ही तांबडी ताप आल्यावर. ही पिवळी जळजळ झाली की. दोन घेतल्या की उतार पडतो, मंग उरलेल्या ठिवायच्या. फेकायच्या कशापायी? अख्खी गल्ली माझ्याकडंच येती, दवाखान्याचा खर्चा वाचतो." आवाजात अभिमान होता.

एकेक पट्टी हातात घेऊन नावं वाचत गेले. सगळी माझ्या ताटलीत होती. एकालाही कडं नव्हतं.

मी समजावलं. म्हटलं, अर्धवट गोळ्यांनी अशक्त जंतू मरतात, दांडगे उरतात, आणि मग तेच वाढतात. कोंबड्यांचं, भाताचं, तणाचं उदाहरण दिलं. त्या मान डोलावत राहिल्या. मला वाटलं, कळलं. मला नेहमीच असं वाटतं.

इंजेक्शन सुरू झालं. प्रीतीचा ताप उतरला, बाळाचे ठोके नीट लागले. आनंद झाला, खोटं नाही, डोळ्यांत पाणी आलं. घरी जायच्या दिवशी गिरिजाबाई तो जिना चढून माझ्याकडे आल्या, हातात चिवड्याची पुडी. माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"लय गुनाचं औषिद निघालं बघा," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर उघडला. जुन्या पट्ट्या बाजूला सारून मधे जागा केलेली होती. "त्याच्या गोळ्या भेटत्यात का, ताई? घरात असलेल्या बऱ्या."

"नाही मावशी. ते फक्त इंजेक्शनच आहे."

त्या जरा हिरमुसल्या. मग डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मलाच धीर दिला.

"निघतील की आज ना उद्या."