आबांच्या खांद्यावरचा टॉवेल

गिरणीवाल्यानं पिंजऱ्याचा विषय काढला तेव्हा धाकटीच्या दोन्ही गुडघ्यांत मेंढी होती, त्यामुळे तिला उठून चार शब्द सुनावता आले नाहीत. गिरणीवाल्याला हे बरोबर ठाऊक होतं. मेंढ्या त्याच्या, अंगण त्याचं, आणि भिंतीला टेकून बसलेली माणसंही त्याच्याच गिरणीतून दळून नेणारी.

"गोदामाचं काय ते एकदा ठरवायला हवं," तो म्हणाला. "गावानं लोकर ठेवायला बांधलंय. आत बायका एकमेकींचे गळे आवळत बसतात. उद्या एखादी मेली तर निस्तरायचं कुणी?"

"अजून तरी कुणी मेलं नाही," धाकटी मेंढीच्या पोटावरून कातर फिरवत म्हणाली. "तुमच्या गिरणीच्या पट्ट्यानं मात्र दोघांची बोटं खाल्लीत."

न्हावी खुदकन हसला, आणि गिरणीवाल्याकडे नजर जाताच त्यानं हसू गिळून टाकलं.

धाकटी म्हणजे मेंढ्या कातरणाऱ्या आबांची धाकटी मुलगी. थोरली लग्न करून गेली, ही बापाच्या हाताखाली कातर चालवायला राहिली. मेंढी उचलून बुडावर बसवायची, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, पाय अधांतरी ठेवायचे. मग ती गप्प राहते, आणि गप्प राहिली नाही तर चूक धरणाऱ्याची. हे धरणं आबांनी तिला शिकवलं होतं. पुढे तालुक्याच्या कोचनं तिला एकदा बाजारात मेंढी उचलताना पाहिलं आणि विचारलं, "माणसाला धरशील का असं?" तिथून हे सगळं सुरू झालं. मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे नाव गावात कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी ती लढत जाळीच्या पिंजऱ्यात व्हायची, म्हणून सगळे तिला पिंजराच म्हणायचे, आणि धाकटीला पिंजरेवाली.

हंगाम सोडला तर लोकरीचं गोदाम वर्षभर रिकामं पडलेलं असायचं. तिथं लोकरीची पोती अंथरून ती सराव करायची. हळूहळू तिच्याबरोबर आणखी चार बायकाही यायला लागल्या. गावात दुसरी एवढी मोठी, कोरडी जागा नव्हती. गोदाम गेलं की सराव गेला, आणि सराव गेला की पिंजराही गेला. म्हणून ती आता मेंढी न सोडता उत्तरं देत होती, तीही मान खाली घालून, कारण कातर हातात असताना वर बघितलं की कातडी फाटते.

"त्यात नियमच नसतात म्हणे," न्हावी म्हणाला.

"असतात. चावायचं नाही, डोळ्यांत बोट घालायचं नाही, मानेच्या मागं मारायचं नाही. शेजारी पंच उभा असतो, बाहेर डॉक्टर बसलेला असतो. सोसवेना झालं की हातानं थोपटायचं, लगेच सोडतात."

"लगेच सोडतात?" न्हाव्याचा चेहरा पडला. "मग लोक बघतात काय?"

"बाईमाणसाला पिंजऱ्यात कोंडायचं आणि बाहेर बसून टाळ्या पिटायच्या," गिरणीवाला म्हणाला. "जनावरांची झुंज लावतात त्याला निदान खेळ तरी म्हणत नाहीत."

"तुम्ही बघितलाय का कधी?"

"बघायला कशाला हवं? कळतं माणसाला."

"मग एकदा या. येत्या रविवारी लढत आहे. बघा, आणि मग गोदामाचं ठरवा. न बघता ठरवू नका, एवढंच मागते."

गिरणीवाल्याला नाही म्हणायला तोंड उरलं नाही, कारण सगळ्यांचे कान तिकडेच होते. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. ओली लोकर कातरत नाहीत, पोत्यात सडते. अर्धा कळप राहिला. राहिलेल्यांत कानतुटी होती. ही म्हातारी मेंढी सगळ्या गावात बेरकी. धरलं की मान टाकायची, डोळे पांढरे करायची, आणि धरणाऱ्यानं दया येऊन हात सैल केला रे केला की त्याच्या नडगीवर लाथ मारून पसार व्हायची. धाकटीनं पिंजऱ्यातला तिचा सगळ्यात पक्का डाव कानतुटीकडूनच उचलला होता. खाली सापडायचं, अंग ढिलं सोडायचं, वरचीला वाटू द्यायचं की संपलं. तिची पकड जरा सैल झाली की उलटवायचं. आबांनी तो डाव गोदामात स्वतः करून घेतला होता. ते वर बसायचे आणि ती त्यांना उलथून टाकायची, आणि साठीला आलेला तो माणूस लोकरीत पडून पोट धरून हसायचा.

कोचनं म्हणूनच आबांना पिंजऱ्याबाहेर तिच्या कोपऱ्यात बसवलं होतं. टॉवेल त्यांच्याकडे. लढणाऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर कोपऱ्यातल्या माणसानं टॉवेल आत टाकायचा, लढत तिथंच थांबते आणि हार धरली जाते. कोच म्हणाला होता, "तिचं अंग तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही." आबांचा टॉवेलही तोच, कातरताना घाम पुसायचा, खांद्यावरचा.

"आबा, लोक मागं ओरडतील," शनिवारी धाकटी म्हणाली.

"ओरडू देत. मेंढ्या काय कमी ओरडतात?"

"मी ढिली पडले तर घाबरायचं नाही."

"तू मला शिकवणार?" आबा हसले. "तू सांगत नाहीस तोवर हा टॉवेल इथून हलणार नाही." आणि त्यांनी खांदा थोपटून दाखवला.

आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "मी काही येणार नाही. पोटच्या पोरीला मार खाताना बघायला माझ्या अंगात बळ नाही." ती कधीच आली नव्हती, तेव्हा तिला कुणी आग्रह केला नाही.

रविवारी दुपारी गिरणीवाल्याचा टेम्पो भरून गाव आलं. लढत जनावरांच्या लिलावाच्या शेडमध्ये होती, पत्र्याचं छप्पर तापलेलं, आत उभ्यानं घाम. गाववाले नेमके आबांच्या पाठीशी बसले. पहिल्या फेरीत धाकटीनं समोरच्या बाईला दोनदा खाली पाडलं, तेव्हा न्हावी उठून उभा राहिला. या पिंजऱ्याला नावं ठेवणारी ती माणसं घसा फुटेस्तोवर ओरडत होती. नंतर विचारलं असतं तर कुणी कबूल केलं नसतं.

दुसऱ्या फेरीत ती घसरली आणि खाली सापडली. वरची बाई अंगानं दांडगी. तिनं छातीवर भार टाकला, ठोसे घातले. धाकटीनं हात चेहऱ्यापुढे घेतले, हनुवटी आत ओढली, आणि मग शिकवल्याप्रमाणे अंग सोडून दिलं. मान एका बाजूला पडली. तिथून तिला जाळीपलीकडे आबा दिसत होते. तिनं त्यांच्याकडे बघून डोळा मिचकावला. आबांना तो दिसला. त्यांच्या ओठांचा कोपरा हललासुद्धा.

मागून गिरणीवाला म्हणाला, ओरडला नाही, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाला, "बाप आहेस की खाटीक?"

शेजारून कुणीतरी म्हणालं, "बसलाय बघा कसा दगडासारखा."

वरच्या बाईची कोपरं उचलली गेली होती. पकड सैल झाली होती. धाकटीनं कंबर उचलली, बाईचा तोल गेला, आणि त्याच वेळी तिच्या तोंडाशेजारी घामेजलेला, लोकरीचा वास असलेला टॉवेल येऊन पडला.

पंचानं दोघींना सोडवलं. धाकटी उठून बसली, तिनं टॉवेलाकडे बघितलं, मग आबांकडे. आबा कोचशी बोलत होते. कोच डोक्याला हात लावून उभा होता.

गाव मात्र खूश झालं. गिरणीवाल्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आज बाप दिसला," तो म्हणाला. जाताना आबा टेम्पोत पुढे त्याच्या शेजारी बसले. मागं धाकटीला कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, जणू ती विहिरीतून काढलेली होती. न्हावी तेवढा जरा रुसल्यासारखा होता. "रक्त काही निघालं नाही पण," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. धाकटीला अजून आशा होती. आदल्या दिवशी आबा गांगरले असतील, चूक माणसाच्या हातून होते, पण आता चार लोकांत ते खरं सांगतील, असं तिला वाटत होतं. गिरणीवाल्यानं विचारलं, "आबा, तुम्हीच सांगा. तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

आबांनी एकदा जमिनीकडे बघितलं. "पोर गेली असती हातची," ते म्हणाले. "मी होतो म्हणून."

माणसांनी माना डोलावल्या. गोदामाला कुलूप घालायचं ठरलं आणि किल्ली गिरणीवाल्याकडे गेली.

घरी आबा अंगणात दगडावर कातर घासत बसले. धाकटी समोर जाऊन उभी राहिली.

"मी डोळा मिचकावला, तो तुम्हाला दिसला होता."

"नाही दिसला. डोळ्यांत घाम गेला होता."

"तुम्ही हसलात, आबा."

कातर दगडावर घासत राहिली. आतून आई म्हणाली, "बापाला जाब विचारतेस? ते होते म्हणून परत आलीस. त्यांना दोन घास सुखानं खाऊ दे." आणि तिनं आबांच्या ताटात पहिली भाकरी वाढली.

हरल्याचं धाकटीला एवढं लागलं नव्हतं. पिंजऱ्यात उतरलं की कुणीतरी हरतंच. गोदाम गेलं, त्याचंही ती काहीतरी बघणार होती. पण गिरणीवाला तिला ओळखत नव्हता, न्हावी ओळखत नव्हता. ज्या एका माणसाला तिचं अंग मुळाक्षरांसारखं पाठ होतं, त्यानं लोकांत आपण बरा बाप दिसावं म्हणून तिला हरवलं, आणि वर तिला वाचवल्याचं श्रेय घेतलं. हे काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. ती आबांशी बोलायची बंद झाली. कामापुरतं 'धरा', 'सोडा', बस्स.

आठवडाभर ऊन पडलं, लोकर वाळली, आणि गिरणीवाल्याच्या राहिलेल्या मेंढ्या कातरायला घेतल्या. माणसं पुन्हा भिंतीला टेकून बसली. आई लोकरीतले काटे वेचायला आली होती. सगळ्यांशी आबांचं हसणं-बोलणं चाललं होतं. गेल्या आठवड्यापासून गावात त्यांचा मान जरा वाढलाच होता. कातरून झाल्यावर चहा आधी त्यांनाच मिळायचा.

शेवटी कानतुटी उरली. आबांनी तिला उचलून बुडावर बसवली, पोट मोकळं केलं, एक कूस कातरली. आणि तिनं मान टाकली. डोळे पांढरे, जीभ बाहेर, पाय लोंबते.

गिरणीवाला टाचा उचलून पुढे आला. "अहो आबा, सोडा तिला. मान टाकली की तिनं. मरेल."

"मरतेय कुठली," आबा वर न बघता म्हणाले. हात चालूच. "ढोंग आहे. अंग सोडलंय, पण मागचा पाय बघा, आतून कसा ताठ धरलाय. मी जरा सैल झालो की लाथ घालून पळणार. मेलेलं अंग कुठलं आणि टपून बसलेलं कुठलं, मला कळत नाही होय? हाताखालीच काय, दहा हातांवरून ओळखेन मी. आयुष्य गेलं यात."

बोलून झालं, आणि कातर थांबली.

धाकटी पोत्यात लोकर दाबत होती, तिचे हात तसेच राहिले. तिनं आबांकडे बघितलं. आबांना तिच्याकडे बघता येईना.

न्हावी डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे मग त्या रविवारी..." आणि पुढचं त्याचं त्यालाच कळलं. गिरणीवाल्यानं घसा खाकरला आणि चहाचं बघायला म्हणून आत निघून गेला. किल्लीबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही, पुढेही नाही.

आबांची पकड सैल झाली, कातर हातातून निसटून खाली पडली. कानतुटीनं नडगीवर लाथ घातली आणि एका बाजूनं उघडी, दुसऱ्या बाजूनं लोकर फरफटत, अंगणभर पळत सुटली.

आई उठली. हातातले काटे टाकून तिनं हात पदराला पुसले, आबांपुढे येऊन उभी राहिली, आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला. आबांनी तो धरायचा प्रयत्नही केला नाही.

"पुढची लढत कधी आहे?" तिनं धाकटीला विचारलं.

"हंगाम संपल्यावर. पण सराव कुठं करणार?"

"परसात करू. पोती टाकू." आईनं टॉवेलाची घडी घातली. "तुझ्याबरोबर कोपऱ्यात मी बसेन."

"तुला बघवणार नाही, आई."

"नाहीच बघवणार. डोळे मिटून बसेन," आई म्हणाली. "पण हा मुठीत घट्ट धरून बसेन."

आणखी बोलली असती तर धाकटी रडली असती, आणि ते तिला आबांपुढे नको होतं. तिनं जमिनीवर पडलेली कातर उचलली, धार अंगठ्यावर बघितली, आणि अर्धी राहिलेली कानतुटी धरायला गेली.