रायपूरची बदनामी

रायपूरच्या बँकेत माझी नेमणूक झाली आणि भूममधल्या आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आईचं एकच, छत्तीसगडच्या राजधानीत आपलं कुणी नाही, पोरगी एकटी जाणार नाही. वडील गेल्यापासून घरात तिचाच शब्द शेवटचा. मी भांडून बघितलं, रुसून बघितलं. आई ढिम्म.

शेवटी तिनं शेजारच्या खाजामियाँना बोलावलं. चाचांनी वीस वर्षं ट्रक चालवला, रायपूरच्या कितीतरी खेपा केल्या. "पोरीला शहराची माहिती द्या," असं ती मोठ्यानं म्हणाली. त्याआधी दारात हळूच म्हणाली होती, "भाऊ, असं सांगा की पोरगीच नगं म्हणली पायजे." मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. कान माझे आईवर गेलेत, तिखट.

चाचांनी चहा घेतला, घसा खाकरला. "बेटा, लई वंगाळ गाव. ऊन असं, की डांबर बुटाला चिकटतंय."

"मग आपल्याकडं काय बर्फ पडतंय?"

"रिक्षावाले वाट्टंल ते भाडं सांगतेत." त्यांनी मान खाजवली. "पण म्हातारं माणूस दिसलं की पार दारापर्यंत सोडतेत."

आईनं डोळे वटारले.

"सकाळी जिकडंतिकडं पोहे-जिलेबी. तेलीबांधा तळ्याच्या काठी सांजच्याला लेकराबाळांची जत्राच..."

"भाऊ!"

"व्हय, व्हय. गर्दी हाय म्हणतो म्या. लई गर्दी."

मला हसू आवरेना. पण चाचांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा आवाज बदलला.

"अक्का, माफ करा. मला जमत न्हाय. तिथं माझा ट्रक उलटला, पाय मोडला. सरकारी दवाखान्यात एकवीस दिस पडून होतो. माझी घरवाली रजियाबी इथून पोचंपर्यंत आठ दिस गेले. शेजारच्या खाटंवरच्या म्हाताऱ्याची सून रोज दोन डबे आणायची. एक त्याचा, एक माझा. जात इचारली न्हाय, गाव इचारलं न्हाय. त्या गावचं मीठ खाल्लंय, अक्का. त्याला वंगाळ कसं म्हणू?"

चाचा लंगडतात हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो. तिकडं त्यांना जेवू कुणी घातलं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी धरलेही.

"नाव काय त्या बाईचं?" आईनं विचारलं.

"ठाऊक न्हाय. भाभी म्हणायचो."

आई उठली. फडताळातले शेंगदाणे काढून भाजायला बसली. दुपारपर्यंत तिनं पन्नासेक शेंगापोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि गाठोडं माझ्यापुढं ठेवलं.

"ह्या त्या दवाखान्यात द्यायच्या."

"पण कुणाला, आई?"

"ज्याच्या खाटंजवळ कुणी बसलेलं न्हाय, त्याला." पदराला हात पुसत ती म्हणाली, "आधी तिथं जा. बँकेत मग."