बुजगावन्याचं प्रूफ

चामोर्शीच्या बाजारात धनराजचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो आता जो तो मोबाइलवरच काढते, तर धनराजच्या वाट्याले उरलं काय, तर नुकसान. डुकरानं धान तुडवलं का बोलवा धनराजले. तो येनार, मानसाले लोळलेल्या धानात उभं करनार, "बोट दाखवा, तोंड पाडा," म्हननार, अन् टिचकन् फोटो काढनार. भरपाईच्या अर्जाले असा फोटो लागते ना बाप्पा. पन त्यामुळं झालं असं, का त्याची गाडी शिवारात दिसली का बाया म्हनत, "कोनाचं वाटोळं झालं वो आज?"

हे त्याले लई लागे. एकडाव तरी आपल्याले पाहून लोकायचं तोंड फुलावं, एवढंच त्याले पायजे होतं.

म्हनून धान भराले लागलं तसे त्यानं बुजगावन्यायचे फोटो काढले. अन् काय एकेक बुजगावनं! कोनाच्या डोक्यावर हेल्मेट, कोनाच्या अंगात पोरीचा गॅदरिंगचा घागरा. गावपुढारी गुणवंतरावच्या बांधावरचं तर सफारी घालून, हात पसरून उभं, जसा काई सरपंच पाव्हन्याले मिठी माराले निंगाला. याचं पुस्तकच काढू म्हने धनराज. नेटवर एक कंपनी सापडली. आपन घरूनच फोटो चढवायचे, ते तिकडं छापतात. एकच पुस्तक मांगा, एकच छापून धाडतात.

गुणवंतरावले हे समजलं, अन् गुणवंतरावच्या पोटात काई राह्यते का? दिवाळीनंतर गावची जत्रा भरते, त्या मंडईत सारे पाव्हने जमले का पुस्तकाचं उद्घाटन, असा त्यायनं भोंगाच फिरवला गावात.

इकडं धनराजनं फोटो चढवले. पानं लागली. अन् स्क्रीनवर आलं : 'प्रूफ पाहून मंजुरी द्या, मगच छपाई होईल.'

"घ्या!" धनराज म्हने. "इथीबी प्रूफ मांगते."

त्याची बायको रंजीता कढई घासत होती. "बुजगावन्याचं कोनतं प्रूफ? त्याचं का आधार कार्ड आहे?"

"अवं, नेटवरून चोरलेलं नाई, आपल्याच शिवारातलं आहे, याचं प्रूफ. सिमकार्डले प्रूफ, रेशनले प्रूफ, धानाच्या बोनसले प्रूफ. मंग पुस्तकाले नाई लागनार?"

रंजीताले पटलं. कोनालेबी पटलं असतं.

अन् प्रूफ काढनं तर धनराजच्या हातचा मळ! पुन्हा फिरला शिवारभर. बुजगावनं कोनाचं? या, बाजूले उभे राहा. बोट दाखवा. तोंड पाडा. रुखमाबाईचं बुजगावनं तिच्याच जुन्या लुगड्यात. ती म्हने, "तोंड कायले पाडू रे भाऊ? माह्यं तर काई गेलं नाई."

"सरकारी पद्धत आहे बाई. हासलं का प्रूफ बाद."

रुखमाबाईनं असं तोंड पाडलं, जसं बुजगावनं नाई, नवराच वारला. हे सारे फोटो धनराजनं त्या-त्या बुजगावन्याच्या समोरच्या पानावर चढवले अन् हिरवं बटन दाबलं.

मंडईच्या दिवशी सकाळी लग्नपत्रिका छापनारा राजदीप भेटला. धनराजनं मोठ्या फुशारीनं प्रूफाची हकीकत सांगतली. राजदीपच्या तोंडातला चहा नाकातून आला.

"अबे येड्या! प्रूफ म्हनजे पयला नमुना! चुका पाहासाठी असते तो. तुले कोनी पुरावा मांगतला होता?"

"मंग ते फोटो?"

"छापले असन ना पुस्तकात!"

आतालोक धनराज नुसता नुकसानवाला होता, आता साऱ्या गावाले रडवं करून पुस्तकात घातलं! गाडी हानली सुसाट. पार्सल मधातच पकडू, मोहाच्या खोडात लपवू, कंपनी बुडाली म्हनून सांगू. पन कुरियरवाल्यानं पार्सल गुणवंतरावच्याच घरी देल्लतं. धनराज पोचला तं पार्सल स्टेजवर, त्याले हळद-कुंकू वाहलेलं, अन् गुणवंतराव नारळ फोडून राह्यले.

"गुणवंतराव, थांबा! खराब माल आहे!"

"लाजू नोको बे!" म्हनत त्यायनं पुस्तक उघडलं, माइकसमोर उंच धरलं.

डाव्या पानावर सफारीतलं बुजगावनं, हात पसरून, खुशीत. उजव्या पानावर स्वता गुणवंतराव, त्याच्याकडं बोट दाखवून, रडवे.

धनराजनं डोळे मिटले.

"मामाजी!" मधातून गुणवंतरावचा जावई उठला. "हा तर मी मांगच्या साली दिवाळीले देल्लेला सफारी!"

अन् मंग जे हासू फुटलं! बाया एकमेकीच्या अंगावर पडल्या. ढोलवाल्याची काडी सुटली. गुणवंतराव माइकवर म्हनले, "जावईबापू, त्याले माह्यापेक्षा फिट बसते," तर जावईबी पोट धरून खालीच बसला. पुस्तक स्टेजवरून जे सुटलं ते हातोहात. "माह्यं दाखव!" "अवं थांब, मी पाहून राह्यली!" रुखमाबाईनं आपलं पान पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, अन् म्हने, "दोघीत मीच गोरी दिसून राह्यली."

धनराज पुस्तकामागं पळून राह्यला. "अरे, मलेबी पाहू द्या! मी अजून पाह्यलं नाई!" पन कोन ऐकते. पुस्तक तंबू ओलांडून पल्याडच्या गावच्या लोकायत गेलं. तिकडून एक म्हातारा तावातावानं आला. "काऊन भाऊ, आमच्या बुजगावन्यानं तुह्यं काय घोडं मारलं? आमी काऊन नाई यात?"

"पुढच्या साली काढू ना बाबा. आता तं धान कापून झालं."

दुसऱ्या दिवशी धनराज त्या रस्त्यानं निंगाला, तर ब्रेकच लावला. धान कापलेलं, शिवार रिकामं, राखाले एक दाना नाई, अन् प्रत्येक बांधावर नवंकोरं बुजगावनं! कोनाले गॉगल, कोनाले फेटा. बाजूले मालक-मालकीन आंघोळ करून, तेल लावून उभे. त्याची गाडी दिसली तशी एक बाई बांधावर चढून बोंबलली, "आला वो, धनराजभाऊ आला! पयले आमच्याकडं या हो, आमच्याकडं!"