कचऱ्यातली वीज

मित्रांनो, मी एक जुनी अँटेना आहे. आता लगेच टीव्हीची छत्री डोळ्यांसमोर आणू नका! मी म्हणजे पुरुषभर उंचीची लाकडी चौकट आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यापीठामागे, डोंगराच्या पायथ्याच्या ओसाड माळावर मी उभी आहे.

मला सखाराम मिस्त्रींनी घडवलं. खगोलभौतिकी शिकवणाऱ्या विश्वजीत सरांनी कागदावर काढलेलं माझं चित्र पाहून ते म्हणाले, "सर, ह्याला काच नाय, दार नाय. खिडकी हाये का काय हाये हे?"

"सूर्याचं ऐकायची खिडकी समजा," सर हसून म्हणाले.

दूर देशातल्या एका रेडिओ केंद्राचा मंद आवाज मी दिवसभर ऐकत असे. सूर्यावर ज्वाला भडकली की आकाशात खूप उंचावरच्या हवेत फरक पडतो आणि तो आवाज एकदम चढतो. त्यावरून सूर्याची बातमी कळते. पण माझे कान फार हळवे. जवळ नुसता मोबाइल चार्जिंगला लावला तरी मला दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून मला वस्तीपासून लांब आणून उभं केलं. पन्नास पावलांवर एक खोली, तिच्यात बॅटरीवर चालणारा संगणक, बाकी सगळा माळ. माणसं जवळ आली की माझं काम बिघडतं, हे मला लवकर समजलं. त्याची सवय मात्र अजून झालेली नाही.

माझ्याकडे रोज येणारी एकटी विशाखा. सरांकडे संशोधन करणारी ही मुलगी सिल्लोडजवळच्या खेड्यातली. आई लीलाबाई आणि मावशी रत्नमाला, दोघी कडुबा पाटलांच्या शेतात कापूस वेचायला जात. मावशीवर तिचा फार जीव. तिला फोन लावायचा तर विशाखा पार रस्त्यापर्यंत चालत जाई, माझ्या कानांना त्रास नको म्हणून. एवढी माझी काळजी पुढे कोणी घेतली नाही.

माझी एकच खोड होती. कुठंही वीज चमकली की ती माझ्या तारेत खर्रकन उमटे आणि सूर्याच्या नोंदीवर ओरखडे पडत. सर म्हणाले, "आपल्याला सूर्य हवाय. विजेचा कचरा गाळून टाक." विशाखानं तसा प्रोग्रॅम लिहिला. खरखर वेगळी होऊन संगणकाच्या एका कप्प्यात पडू लागली. त्या कप्प्याला तिनं नावच दिलं, "कचरा". पडद्यावर सूर्याची रेघ स्वच्छ दिसू लागली. तिचा लेख छापून आला, विभागात पेढे वाटले. मला पेढा कोण दाखवणार? पण मीही फुगले होते.

मग ऑक्टोबरातली ती दुपार आली. दूर कुठंतरी विजांचा जोर वाढत होता आणि मी जिवाच्या आकांतानं खरखरत होते. विशाखा पडद्यासमोरच होती. तिला सूर्याची स्वच्छ रेघ तेवढी दिसत होती. संध्याकाळी ती रस्त्यावर पोहोचली तेव्हा गावाकडून फोन आला. वेचणी चालू असताना शेतात वीज पडली आणि रत्नमाला गेली.

आठ दिवसांनी विशाखा परत आली, ती थेट कचऱ्याचा कप्पा उघडून बसली. वीज पडण्याआधी चाळीस मिनिटं खरखर वाढत गेल्याचं तिथं स्पष्ट दिसत होतं. ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि हुंदके देत म्हणाली, "मावशी, हे सगळं इथं होतं गं. मीच गाळत बसले." मला तिच्याजवळ जाता येत नव्हतं. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

सरांनी तो आलेख पाहिला. म्हणाले, "कचरा हा शब्द माझा होता." मिस्त्रींनी माझ्यात दुसरी उभी चौकट काटकोनात बसवली. त्यामुळे वीज कोणत्या दिशेला आहे ते समजू लागलं. सिल्लोडकडे खरखर वाढली की विशाखा पाटलांना फोन करू लागली. आता तिच्यासारख्या जाणत्या माणसांनी जागोजागी नवी यंत्रं बसवली आहेत आणि तीही त्याच कामासाठी दूरच्या शहरात गेली आहे. माझी गरज उरली नाही. शेळ्या अंग घासून घासून गेल्या, त्यात माझी तारही तुटली. विचारायला कोणी येत नाही.

गेल्या महिन्यात मात्र लीलाबाई आल्या. शहरातल्या घाटी या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आल्या होत्या, तिथून विचारत विचारत इथं पोहोचल्या. त्यांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला.

"तुझ्यापायी मी हाये बग. पह्यल्या बारीला फोन आला, समदे घरी बसलो, अन् एक थेंब नाय! पाटील म्हनले, लई भित्री हाये तुमची अँटेना. दुसऱ्या बारीला ते काय उठंनात. म्या म्हनलं, माझी बहीण गेलीया, मी नाय थांबत. ओटीतला कापूस ठिवला अन् निघाले. समद्या बाया मागं आल्या. अन् वीज पडली ती आमी येचत व्हतो त्याच पट्ट्यात! कुनाला खरचटलं बी नाय."

 पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "मंग रत्नाच्या टायमाला का नाय सांगितलंस गं?"

आणि एसटी चुकू नये म्हणून निघून गेल्या.

मित्रांनो, आकाशाकडे लावलेला कान कधी जमिनीवरच्या माणसाच्या उपयोगी पडेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून नको असलेलं टाकण्याआधी एकदा नीट ऐका. माझी तार जोडलीत तर बरंच होईल, नाही जोडलीत तरी चालेल. पण सिल्लोडच्या बाजूला कधी गेलात, तर लीलाबाईंना एवढं सांगाल का? त्या दुपारी मी गप्प नव्हते.