दोन दोरांची नाव

"चित्र आलं का घंटी वाजव वं माय. तोंडानं बोलू नको, नेम मोडंल तुझा."

नावेच्या फळीवर बसून माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, हे सांगायच्या. सूर्य बुडाला की तापीमाईला दिवा सोडेपर्यंत मी मौन धरते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा माझा नेम. आणि टीव्ही लावायची वेळ नेमकी तीच. माझे सासरे, चुडामण आबा, नावेच्या पत्र्यावर चढून अँटेनाची काडी जयगावच्या टॉवरकडं फिरवायचे. खाली टीव्हीसमोर मी, हातात पूजेची घंटी. घाटावरून जाणारे लोक आरती समजून हात जोडायचे.

तेव्हा गावात वीज असून नसल्यासारखी. आबांची नाव दिवसभर माणसं रावेरच्या काठाला नेई-आणी. रविवारी ती घाटाला लागली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तिच्यात टीव्ही चाले. तो बसवून दिला होता पलीकडच्या काठावरच्या जहांगीरभाईंनी. ते रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची बायको जुबेदा वाडगाभर खीर घेऊन यायची आणि सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून बसायची. देवाची मालिका लागली की सगळी गर्दी पडद्याकडं सरके, नाव कलंडे, आणि आबा ओरडत, "अर्धे तिकडं बसा रे! देव पाहता पाहता देवाघरी जाल!"

मग पूल झाला. उतारू गेले. जयगावचं टीव्हीचं टॉवर बंद झालं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या उरल्या. जहांगीरभाई गेले, मागच्या साली सासूबाईही गेल्या. दुखवट्याला जुबेदा आली ती पुलावरून, रिक्षात, लांबच्या वळशानं.

"घरी भिंतीएवढा टीव्ही आहे भाऊ," ती आबांना म्हणाली, "पण पोरं मोबाइलमध्ये. एकटीनं काय पाहायचं? तुमचा लागला तर मले बोलवा."

"बोलवतो काहून? घ्यायले येतो. नावेनं."

तेवढंच बोलणं झालं होतं.

परवा माझे यजमान हितेंद्र यांनी रावेरहून डिशवाला आणला. रुपचंद त्याचं नाव. टीव्ही तोच ठेवायचा, सोबत नवा डबा, आणि पत्र्यावर छत्री. आबा सकाळपासून दाढी करून तयार. पत्र्यावर आता चढवत नाही, म्हणून खालूनच हुकूम.

"जयगावकडं धर तिले, जयगावकडं!"

रुपचंदनं मुकाट्यानं धरली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग तो हसायलाच लागला. "आबा, तुमच्या नादानं मीही येड्यासारखा धरून बसलो. जयगावात आता काही नाही. हे आभाळातून येतं. आग्नेयेकडं तोंड पाहिजे."

"आग्नेयेले चूल राहते. टीव्ही नाही."

"मग समजा, तठी चित्र शिजतं."

छत्री फिरली आणि चित्र आलं. इतकं स्वच्छ की निवेदिकेच्या कानातलं दिसत होतं. आबांनी टाळी वाजवली. तेवढ्यात वारा आला, नाव दोराभोवती जराशी वळली, आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं.

"छत्री घाटावर गाडा ना," हितेंद्र म्हणाले.

"धरणाचं पाणी चढलं की घाट पाण्यात," रुपचंद म्हणाला. "त्यापेक्षा नावच हलू देऊ नका. नाकाला एक दोर, शेपटीला एक. वरच्या लिंबांना आवळून बांधा."

आमच्या घरात नावेला दोन दोर फक्त सुतकात लावतात. सासूबाई गेल्या तेव्हा लावले होते. एका दोराची नाव वाट पाहते, दोन दोरांची नाव निजलेली, असं आबाच म्हणत.

हितेंद्रनी दोर आवळले. "बरं झालं आबा. आता नाव हलायची नाही आणि तुम्हीही. अठीच बसा, आरामात पाहा. या वयात वल्हं कशाला?" त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. रुपचंदला गाडीवर घेऊन ते सोडायला गेले.

सूर्य बुडाला. मी वाती घेऊन नावेत आले तर कुठलंसं कीर्तन लागलं होतं. आबा पडद्याकडं पाहतच नव्हते. त्यांचा हात मागच्या दोरावर होता. गाईचं दावं चाचपावं तसा.

"मोहिनी," ते म्हणाले, "चित्र लई झ्याक आहे. पण ही नाव राहिली का गोठा झाला, सांग बरं."

माझं मौन होतं.

"त्या बाईले घ्यायले येतो म्हणलो होतो. हिले बांधून ठेवली तर कशानं जाऊ?"

ते पुढं गेले आणि नाकाकडचा दोर सोडला. नाव सुस्कारा टाकल्यासारखी फिरली. कीर्तनकाराचे आधी चौकोन झाले, मग आवाज तुटला, मग काहीच नाही. आबांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मागच्या दोराची गाठ हितेंद्रच्या हातची, पक्की. आबांच्या बोटांना ती निघेना. मी खाली बसले आणि दातांनी सैल करून सोडवली.

दिवा पाण्यात सोडला. आता बोलता येत होतं. आबांनी डावं वल्हं धरलं होतं. मी उजवं घेतलं, आणि आम्ही पलीकडच्या काठाकडं निघालो.