टँकर नसताना वाजलेला भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करून माळ्यावर बघा. आकाशकंदिलाचा सांगाडा दिसतो ना, त्याच्या मागे पडलोय तो मी. मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, पाठीत सेल भरायचा. देवाने तोंड दिलंय हे एवढं मोठं, पण स्वतःचा म्हणून एक शब्द मला बोलता येत नाही. कुणी बटण दाबलं तर बोलणार, नाहीतर नुसता तोंड वासून पडणार. एका कोळ्याने माझ्या तोंडात जाळं विणलंय आणि त्याला साधं 'चल नीघ' म्हणायचीही माझी सोय नाही. म्हणून आज मनातल्या मनात सांगतो. तुम्ही ऐका म्हणजे झालं.

कारखान्यातून निघालो तो थेट छत्रपती संभाजीनगरला आलो. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात मला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. माझ्या शेजारचे दोघे निवडणुकीच्या प्रचाराला गेले, एक शाळेच्या कवायतीला गेला. आपणही सभा गाजवणार, अशी मोठी ऐट होती माझी! आणि मला घेतलं कुणी? तर दत्तोपंतांनी. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले साधे कारकून. पैसे देताना म्हणाले, "आवाज लांब जातो ना हो? आमच्याकडे टँकर येतो."

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं, आणि शहर मात्र सुटलं होतं पळत. बायपासच्या पलीकडे जिथे काल ज्वारी उभी होती, तिथे आज प्लॉट पडत होते. घरं आली, पण नळ आले नाहीत. आमच्या कॉलनीत दारोदारी टिपाडं, म्हणजे पाणी साठवायची लोखंडी पिंपं, उभी असत. कॉलनीमागे बांधकामावरच्या मजुरांची पत्र्याची वस्ती होती, तिथेही तीच रांग. टँकर कधी येईल याचा काही नेम नसायचा. तो वळणावर दिसला रे दिसला, की दत्तोपंत माझं शिट्टीचं बटण दाबत. मी 'कुईंऽऽ' करून असा काही किंचाळायचो म्हणता! मग ते बोलत, "टँकर आला होऽ! टिपाडं उघडा!" आणि बायका हंडे, कळश्या घेऊन धावत सुटत. माझ्या आवाजाला पाणी येतं, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा भर उन्हाळ्यात टिपाड सरकवताना त्याची गंजकी कड दत्तोपंतांच्या नडगीला लागली. त्यांनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि परत रांगेकडे गेले. दोन-तीन दिवसांनी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. धाप लागली. दुपारी ते बायकोला, प्रमोदिनीताईंना, 'आई' म्हणून हाक मारू लागले. ताई घाबरल्या, पण शेजारीपाजारी म्हणाले, "ऊन लागलंय त्यांना. रोज उन्हात उभे राहतात ना!" दुष्काळी गावात तापाला दुसरं नाव कोण देणार? ताईंनी तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ओल्या पंच्याने अंग पुसलं. सकाळपासून त्यांना लघवी झाली नव्हती. ताईंना वाटलं, घामच एवढा जातोय, कुठून होणार? संध्याकाळी हातपाय गार पडले तेव्हा रिक्षा आणली. दवाखान्यात सांगितलं, जखमेतून जंतुसंसर्ग झाला होता, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलं. याला सेप्सिस म्हणतात. सकाळी आणलं असतं, तर कदाचित हाती काही लागलं असतं.

दत्तोपंत गेले. मी खुंटीला टांगलेला राहिलो, आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो, ताई आणि मी. दोघांचेही आवाज गेलेले.

बऱ्याच महिन्यांनी ताईंना या आजाराची माहिती लोकांपर्यंत नेणाऱ्या एका आरोग्य संस्थेबद्दल कळलं. तिथे सगळे स्वयंसेवक. कुणाची आई गेलेली, कुणाची बाळंतीण लेक. त्यांनी ताईंना आजार ओळखायच्या खुणा शिकवल्या, वाटायला पत्रकं देऊ केली. ताई म्हणाल्या, "पत्रकं राहू द्या. आमच्याकडे भोंगा आहे." आमच्याकडे म्हणाल्या त्या! मी किती सुखावलो, काय सांगू.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. ताईंनी माझ्यात नवे सेल घातले आणि दत्तोपंत दाबत तसंच आधी शिट्टीचं बटण दाबलं. झालं! पत्र्याची दारं धडाधड उघडली आणि सगळी वस्ती हंडे घेऊन उन्हात धावत आली. टँकर कुठे होता? ताई एकट्याच उभ्या होत्या.

"मला तुम्हाला एका आजाराबद्दल सांगायचं आहे..." त्या बोलू लागल्या.

मालनबाई म्हणून एक होती, जिभेने मोठी तिखट. डोक्यावरचा हंडा तिने आदळलाच खाली. "काऊन पळवता वो बाई उन्हातानात? इथं प्यायला घोटभर पाणी नाय, अन् तुमी आजार वाटायलात व्हय? जा घरी!"

बायका हसल्या आणि पांगल्या. घरी आल्यावर ताईंनी मला मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "त्यांच्या आवाजाला पाणी यायचं रे. माझ्या आवाजाला काय येणार?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "एक घर. एक घर वाचलं तरी पुरे."

त्या दिवसापासून ताईंनी शिट्टी बंद केली. त्या आता टँकरच्या रांगेपाशीच जायच्या, कारण नंबर सोडून पळणार कोण? तिथे उभ्या राहून त्या माझ्यातून विचारायच्या, "ताप आहे का? हुडहुडी भरते का? धाप लागते का? माणूस बरळतो का? दिवसभरात लघवी झाली का? यातलं काही दिसलं तर कांदा चोळत बसू नका. दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना विचारा, हा सेप्सिस तर नाही?" रांगेत खसखस पिकायची. पोरं तर ताईंच्या मागेमागे ओरडत जायची, "बरळतो का? मुतला का?" मालनबाई सगळ्यात पुढे! ताई दिसल्या की टँकरवाल्या सांडूला म्हणायची, "आली बघ, मुतला का बाई!" सांडूही चाक बडवून हसायचा. पोरासोरांनी टवाळी करावी आणि ताईंनी मान खाली घालून परत यावं, हे वर्षानुवर्षं चाललं. मधे एक-दोन पावसाळे बरे गेले, पुन्हा दुष्काळ पडला. लोक नमस्कार करायचे, ऐकायचं मात्र कुणीच नाही. एका उन्हाळ्यात ताईंनी माझे सेल काढून ठेवले आणि म्हणाल्या, "पुरे झालं बाबा आता." माझ्यापुढे त्या पहिल्यांदाच हुंदके देऊन रडल्या. मला काय करता येणार होतं?

त्यानंतर काही आठवडे गेले असतील. दारात मालनबाई उभी. सोबत तिचा नवरा रामकिसन, काठी टेकत, पायाला पट्टी. ताईंना वाटलं, आता काय भांडण आणलं हिने!

"बाई," मालनबाई म्हणाली, "ह्याच्या पायात खिळा घुसला व्हता साईटवर. ताप चढला. सगळे म्हनले ऊन लागलं. मी कांदा चिरायला बसले. हे काय बी बडबडायले, तं मी आपली सवयीनं चेष्टा केली, 'बरळायले जणू, मुतले का?' तं हे म्हनले, नाय, काल रात्रीपासून नाय. माझ्या हातातला कांदाच खाली पडला बघा. सांडूचा टँकर रिकामा व्हऊन निघाला व्हता, त्याच्यातच घातलं ह्याला अन् घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरला तुमचाच सवाल इचारला. पायाची दोन बोटं गेली. माणूस ऱ्हायला."

ताईंनी रामकिसनपुढे खुर्ची सरकवली. "अगं, पण तुम्ही तर कधी ऐकलंच नाही माझं."

"ऐकलं नसतं तं टवाळी कशाची केली असती?" मालनबाई म्हणाली, आणि ताईंच्या पायाशी बसून ढसाढसा रडली.

ती दोघं गेल्यावर ताईंनी मला खाली काढलं. सेल भरले. अंगणात त्याच टिपाडापाशी उभ्या राहिल्या, आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी शिट्टीचं बटण दाबलं. मी जीव खाऊन किंचाळलो. मग त्या माझ्यातून, अगदी हळू बोलल्या, "अहो, एक माणूस वाचला बरं का."

ज्यांना सांगायचं होतं, ते कुठून ऐकणार? पण आजूबाजूची दारं उघडली. टँकर आला म्हणून चार-सहा बायका हंडे घेऊन धावत आल्या. ताईंनी एकीलाही रिकामं परत पाठवलं नाही. टिपाडाचं झाकण काढलं आणि त्यातलं पाणी सगळ्यांना वाटून दिलं.

आता टिपाडं गेली. आठवड्यातून एकदा का होईना, नळाला पाणी येतं. रांग मोडली, लोक आपापल्या फ्लॅटमध्ये दार लावून बसतात. ताई थकल्या, त्यांना मुलाने पुण्याला नेलं. माझे सेल आतल्या आत पाझरून सडले, आता माझा आवाज उठायचा नाही. मित्रांनो, ताईंची फार आठवण येते. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल, मी आपला प्लास्टिकचा. पण तुमच्या घरात कुणाला ताप आला आणि तो बरळायला लागला, धापा टाकू लागला, तर ऊन लागलं म्हणून बसून राहू नका. तुम्ही बोलावं म्हणून कुणाला बटण दाबावं लागत नाही. लाज सोडून मोठ्याने विचारा. लोक हसले तर हसू देत, हसणाऱ्यांच्याही ध्यानात राहतं.